घरची व्यायामशाळा हलवताना

घर बदलायचे ठरले की सामानाची यादी तयार होते. कपाटे, फ्रिज, पलंग, पुस्तकांची खोकी, देव्हारा, तुळशीची कुंडी आणि यादीच्या तळाशी, सहज आठवले म्हणून लिहिल्यासारखी, ट्रेडमिल. सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस घर पाहायला येतो तेव्हा तो दारातूनच विचारतो, ‘‘घडी होते ना?’’ आपण ‘‘होते’’ म्हणतो आणि तो वहीत एक खूण करून पुढच्या खोलीकडे वळतो. घडी केल्याने यंत्राने अडवलेली जागा कमी होते, वजन तसूभरही कमी होत नाही, हे दोघांच्याही लक्षात येते ते जिन्याच्या पहिल्या वळणावर.

एके काळी घरातील व्यायामाचे सामान म्हणजे मुद्गलांची जोडी, फार तर लोखंडी डंबेल्स. ते एका पोत्यात भरून खांद्यावर नेता येई. गेल्या दोन-तीन दशकांत चित्र बदलले. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, व्यायामशाळांना कुलूप लागले आणि महाराष्ट्रात ते थेट त्या वर्षीच्या दसऱ्याला निघाले. त्या सात महिन्यांत आणि त्यानंतरही अनेक मध्यमवर्गीय घरांत ट्रेडमिल, व्यायामाची सायकल, वजनांच्या चकत्या आल्या. ही घरे आता हलू लागली आहेत. मुंबई, ठाणे, पुण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू असल्याने कित्येक कुटुंबांना तर सामान दोनदा हलवावे लागते. आधी भाड्याच्या घरात आणि काही वर्षांनी पुन्हा नव्या इमारतीत.

आमच्यावर तीच वेळ आली. दादरची तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिना अरुंद. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरील एका इमारतीत चौदाव्या मजल्यावर भाड्याचे घर घेतले होते. ट्रेडमिलला दोन हमाल पुरतील असे मुकादमाने सांगितले आणि आम्हीही मान डोलावली. घडी केलेल्या यंत्राची खिटी बसल्याचा ‘खट्’ असा आवाज आला होता. त्यावरून पट्टा बांधण्याची गरज कोणाला वाटली नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर यंत्र तिरके करताना ती खिटी निसटली, पळण्याचा फळा उघडला आणि खालच्या हमालाची बोटे फळा आणि कठडा यांच्यामध्ये सापडली. चार टाके पडले आणि पंधरा दिवस त्याचे काम बुडाले. यंत्राला मात्र ओरखडाही गेला नाही. दहा फूट लांबीचा एक साधा पट्टा आवळला असता तर हे घडले नसते. ही माहिती गोळा करण्याचे कारण तेच.

वजन किती आणि माणसे किती

घरगुती वापराच्या विजेवर चालणाऱ्या ट्रेडमिलचे वजन साधारणतः ५० ते ११० किलो असते. जड चाकाची स्पिन सायकल ३० ते ६० किलो भरते, क्रॉस ट्रेनर ४० ते ९०, तर वजनांचा गठ्ठा असलेली मल्टिजिम दीडशे किलोच्या आसपास सहज जाते. हे आकडे कागदावर जाणवत नाहीत. स्वयंपाकाच्या गॅसचे भरलेले सिलिंडर टाकीसह सुमारे ३० किलोचे असते. ९० किलोची ट्रेडमिल म्हणजे एकमेकांना बांधलेली तीन भरलेली सिलिंडरे. फरक एवढाच, की सिलिंडरला धरायला कडे असते आणि ट्रेडमिलला धरण्याजोगी जागा नसते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाचा भार ५५ किलोपेक्षा अधिक नसावा. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेचे सूत्र तर याहून कडक आहे. भार शरीराजवळ, कंबरेच्या उंचीवर, धरायला सोयीचा, अशी सर्व परिस्थिती आदर्श असतानाही एका माणसाने २३ किलोपर्यंतच उचलावे, असे ते सांगते. जिन्यात यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही. त्यातच पायऱ्या उतरताना भाराचा मोठा वाटा खालच्या माणसाकडे जातो, त्यामुळे ‘नव्वद भागिले दोन’ हा हिशेब मुळातच चुकीचा ठरतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ८० किलोंच्या पुढच्या यंत्राला चार माणसे मागावीत आणि त्या चौघांचे पैसे द्यावेत. दोघांच्या मजुरीत काम उरकले याचा आनंद मानणाऱ्याने ती बचत कोणाच्या मणक्यातून झाली, याचाही विचार करावा.

हमाल बहुधा चपला घालून येतात. ओल्या किंवा गुळगुळीत पायरीवर चप्पल सटकते आणि पायावर लोखंड पडले तर तिचा उपयोग शून्य. बंद बूट आणि रबरी तळव्याचे हातमोजे यांचा खर्च त्या दिवसाच्या एकूण खर्चात नगण्य आहे. कंपनीशी बोलणी करतानाच ही गोष्ट ठरवून घ्यावी.

न्यायचे की विकायचे?

हा प्रश्न आधी विचारावा. सात-आठ वर्षे वापरलेल्या, पट्टा झिजलेल्या ट्रेडमिलची सुटी करणे, वाहतूक, पुन्हा जोडणी आणि दुरुस्ती यांचा खर्च मोजला तर तो यंत्राच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जातो. असे यंत्र जागेवरच विकून टाकावे. उतरवण्याची जबाबदारी घेणाऱ्याकडे जाते, पण जिन्यातील माणसांची काळजी तेव्हाही आपल्यालाच घ्यावी लागते. बिडाच्या चकत्या, दांडा, डंबेल्स यांची गोष्ट वेगळी. त्यात बिघडण्यासारखे काही नसते आणि जुन्या बाजारात त्यांना किलोच्या भावाने गिऱ्हाईक मिळते. दूरच्या शहरात बदली झाली असेल तर चकत्या येथे विकून तेथे घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. मल्टिजिमबाबत निर्णय कठीण असतो, कारण ती जोडणारा माणूस नव्या गावी मिळेलच असे नाही. तो मिळणार नसेल तर मोह सोडावा.

न्यायचे ठरले तर कागद पाहावा. मालवाहतुकीच्या पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असतो आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. रस्त्याने माल वाहून नेण्यासंबंधीच्या २००७च्या केंद्रीय कायद्यानुसार वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी मर्यादित असते. अधिक दराने जोखीम घेण्याचे लेखी ठरले असेल तरच ती वाढते. म्हणून प्रत्येक यंत्राचे नाव, मॉडेल, अंदाजे किंमत आणि आधीपासूनचे ओरखडे यादीत लिहून घ्यावेत. निघण्यापूर्वी यंत्र चालू स्थितीत असल्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मोबाइलवर काढून ठेवली तर पुढचे निम्मे वाद होत नाहीत. ‘व्यायामाचे साहित्य : १ नग’ अशी नोंद मात्र कधीही मान्य करू नये.

वाट मोजणे

यंत्राची लांबी, रुंदी, उंची आपण मोजतो; वाट मोजायला विसरतो. सर्वांत अरुंद जागा कोणती, हे शोधण्यासाठी मोजपट्टी घेऊन खोलीपासून फाटकापर्यंत एकदा चालत जावे आणि नव्या घरी फाटकापासून खोलीपर्यंत तेच करावे. खोलीचे दार, सुरक्षा दरवाजा, जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा, कठड्याचा बाहेर आलेला कोपरा, भिंतीवरील वीजमीटरच्या पेट्या, एवढ्या ठिकाणी माप घ्यायचे. घडी केलेली ट्रेडमिल उभी असता दीड मीटरच्या आसपास उंच आणि पाऊण ते एक मीटर रुंद असते. जिन्याच्या वळणावर ती आडवी फिरत नसेल तर उभी फिरवावी लागते आणि तेव्हा वरच्या जिन्याची छताकडील बाजू डोक्याशी येते. जुन्या चाळींतील व वाड्यांतील लाकडी जिन्यांच्या पायऱ्यांखालचे तुळे तपासल्याशिवाय त्यावर यंत्र आणि चार माणसे एकदम चढवू नयेत.

लिफ्टची गंमत अशी, की ती वजनाला सहसा कमी पडत नाही, आकाराला पडते. आपल्याकडे लिफ्टची क्षमता माणशी ६८ किलो धरून काढतात. म्हणून सहा जणांच्या लिफ्टवर ४०८ किलो आणि आठ जणांच्या लिफ्टवर ५४४ किलो असे लिहिलेले असते. शंभर किलोचे यंत्र त्यात सहज बसावे. परंतु सहा जणांच्या लिफ्टचा पिंजरा जेमतेम एक मीटर खोल असतो आणि दार ७०-८० सेंटिमीटरचे. यंत्र आत शिरलेच तर सोबत एकाच माणसाने उभे राहावे, तेही यंत्राच्या आणि भिंतीच्या मध्ये न अडकता. पिंजऱ्याच्या तळाशी प्लायवुड अंथरावे, कारण लहान चाकांवर सगळा भार एकवटून लादी फुटते. दार बंद होऊ नये म्हणून फटीत लाकूड किंवा चप्पल अडकवण्याची सवय घातक आहे. दारावर माणूस उभा करावा. जाळीच्या सरकत्या दाराची जुनी लिफ्ट असेल तर दांड्याचे टोक, पट्ट्याचा शेव किंवा वायर जाळीबाहेर राहिलेली नाही, हे दोनदा पाहिल्याशिवाय बटण दाबू नये.

सोसायटीची परवानगी, सामान हलवण्याच्या वेळा, माल नेण्याची वेगळी लिफ्ट असल्यास तिचे आरक्षण, हे दोन्हीकडे आठवडाभर आधी लेखी करावे. नव्या इमारतींतील नियम जुन्यांपेक्षा कडक असतात. दुपारी दोन वाजता फाटकावर पोहोचलेल्या टेम्पोला ‘चारनंतर या’ असे ऐकावे लागले, की भर उन्हात थांबलेले हमाल पुढचे काम घाईने उरकतात आणि घाईतच अपघात होतो.

गॅलरीतून दोरखंड सोडून सामान उतरवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. लाकडी कपाटाला ती चालून जात असे. ट्रेडमिलचे वजन एका टोकाला, मोटरच्या बाजूला, एकवटलेले असते; त्यामुळे हवेत ती फिरते आणि कलंडते. त्या कामाची साधने व अनुभव असलेला ठेकेदार आणि खाली पूर्ण मोकळी केलेली जागा नसेल तर हा विचार करू नये.

सुटे करणे

सर्वांत अधिक वेळ द्यायचा तो येथे. यंत्र जितके सुटे, तितके सुरक्षित. सुटे करण्याआधी प्रत्येक जोडाचे छायाचित्र काढावे. केबल कोणत्या कप्पीच्या वरून जाते आणि कोणत्या कप्पीच्या खालून, हे दोन दिवसांनी कोणालाही आठवत नाही. निघालेले बोल्ट, नट, वायसर एकाच डब्यात टाकू नयेत. प्रत्येक जोडासाठी वेगळी लहान पिशवी, तिच्यावर चिठ्ठी आणि ती पिशवी त्याच भागाला चिकटपट्टीने बांधलेली, ही पद्धत सर्वांत सोपी. यंत्रासोबत आलेले पाने आणि षटकोनी चाव्या मात्र अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात, कारण नव्या घरी सर्वांत आधी त्याच लागतात आणि सर्वांत शेवटी सापडतात.

ट्रेडमिलची वीज बंद करून वायर काढावी आणि सुरक्षेची चावी, म्हणजे कपड्याला अडकवण्याच्या दोरीची, बाजूला काढून ठेवावी. नंतर दोन उभे खांब आणि आकडे दाखवणारा फलक काढायचा. येथे एक चूक हमखास होते. फलकाकडून मोटरकडे जाणाऱ्या तारा एका खांबाच्या पोकळीतून जातात. खांब आधी ओढला तर तार चिरडते किंवा जोडणीची टोके तुटतात आणि नव्या घरी यंत्र चालू न होण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. आधी जोडणी सोडवावी, तिच्या टोकाला दोरा बांधावा, मग खांब काढावा. पुन्हा जोडताना तोच दोरा तार वर ओढून घेतो. खांब निघाल्यावर फळा पूर्ण आवळून बांधायचा. खिटीवर विश्वास ठेवू नये, हे वर सांगितलेच आहे. खटक्याचा किंवा दोरीचा असे दोन पट्टे, एक मोटरकडे आणि एक शेवटाकडे, घट्ट बांधावेत. फळा उचलून धरणारी वायूची नळी असते, तिचे बोल्ट फळा वर असताना घरच्या घरी सोडू नयेत. ते तंत्रज्ञाचे काम. उचलताना हात चौकटीच्या लोखंडी पट्टीखाली असावेत. फलक, हातदांडे किंवा पळण्याचा पट्टा धरून उचललेले यंत्र हातातच तुटते. खालची छोटी चाके सपाट फरशीसाठी आहेत. पायऱ्यांवरून ती आपटत नेली तर त्यांचे आस वाकतात.

सायकल त्या मानाने सोपी. आसन आणि मूठ पूर्ण खाली करावी, पेडल काढावीत. उजवे पेडल नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवून सुटते, परंतु डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावे लागते. हे ठाऊक नसल्याने जोर लावून आटे बिघडवणारे पुष्कळ. जड चाक पुढे असल्यामुळे तोल पुढे जातो. म्हणून पुढच्या बाजूला अधिक ताकदीचा माणूस हवा. क्रॉस ट्रेनरचे झुलणारे दांडे काढता येत नसतील तर चौकटीला घट्ट बांधावेत. जिन्यात अचानक झुललेला दांडा तोंडावर बसतो.

मल्टिजिमचे वजन तिच्या चकत्यांत असते. प्रथम केबल सैल करावी, मग वजने निवडायची खुंटी काढावी, नंतर चकत्या एकेक करून दांड्यांवरून उतरवाव्यात. गठ्ठा जागेवर ठेवून चौकट हलवण्याचा प्रयत्न म्हणजे हाताने ओढवलेला अपघात. गठ्ठा एका बाजूला सरकला की चौकट थांबवता येत नाही. ज्या गुळगुळीत दांड्यांवरून चकत्या घसरतात ते दांडे गोधडीत गुंडाळून स्वतंत्र न्यावेत. ते किंचित जरी वाकले तरी चकत्या मध्येच अडकू लागतात. पोलादी केबलला घडी घालू नये, सैल वेटोळे करावे. घडी पडलेल्या जागी तिचे तंतू तुटायला सुरुवात होते आणि तुटण्याचा दिवस नेमका कोणी बाकावर बसून वजन ओढत असताना येतो.

डंबेल्स आणि चकत्यांचे काम साधे, तरीही त्यातच पाठी धरतात. पुस्तकांच्या मोठ्या खोक्यात चकत्या भरल्या की खोके निम्मेही भरत नाही आणि वजन साठ किलो होते. उचलणाऱ्याला ते रिकामे वाटते. एका खोक्यात १५ ते २० किलोंहून अधिक भरू नये, खोक्यावर वजन ठळक अक्षरांत लिहावे, तळाला दुहेरी चिकटपट्टी लावावी. त्यापेक्षा प्लॅस्टिकचे भाजीचे क्रेट उत्तम. त्यांना धरायला जागा असते. ऑलिम्पिक मापाचा दांडा सुमारे २.२ मीटर लांब आणि २० किलोंचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना चिंध्या बांधाव्यात आणि तो उभा न नेता दोघांनी आडवा न्यावा. लिफ्टमध्ये जातो का, हे आदल्या दिवशी पाहावे.

जिन्यात आणि टेम्पोत

जिन्यात आदेश एकाच माणसाने द्यायचे. ‘उचल’, ‘थांब’, ‘टेक’ एवढे तीन शब्द पुरतात. पण ते एकाच तोंडून आले पाहिजेत. खालच्या बाजूला सर्वांत अनुभवी माणूस, वरच्या बाजूला पट्टा मागे ओढून धरणारे दोघे आणि खालच्या मजल्यावर वाट मोकळी ठेवणारा एक, अशी रचना असावी. यंत्राच्या बरोबर खाली, ते सुटले तर ज्या रेषेत येईल त्या रेषेत, मार्ग दाखवायला म्हणून घरातील कोणीही उभे राहू नये. प्रत्येक मजल्यावर टेकवून श्वास घ्यावा. थकलेला माणूस ‘थकलो’ असे सांगत नाही, तो वेग वाढवतो. तेव्हा थांबवण्याचे काम घरमालकाने करावे. पाणी त्या वेळी द्यावे, काम संपल्यावर नव्हे. मुले, आजी-आजोबा आणि कुत्रा यांची त्या दोन तासांपुरती शेजाऱ्यांकडे सोय केलेली बरी.

‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोचा मागचा भाग साधारण सात फूट लांब असतो. त्यात चकत्यांची खोकी चालकाच्या केबिनला लागून, तळाशी ठेवावीत. वर कधीही नाही. ट्रेडमिल लांबीच्या दिशेने, बाजूच्या कठड्याला लावून, दोन ठिकाणी बांधावी. गतिरोधकांवर आणि मेट्रोच्या कामांनी उखडलेल्या रस्त्यांवर न बांधलेले यंत्र चालते, हे सांगायला नको. चढवण्या-उतरवण्यासाठी दोन जाड फळ्यांचा उतार करून त्यावरून सरकवणे हे उचलण्यापेक्षा केव्हाही चांगले.

पावसाळ्यात शक्यतो टाळावे. ट्रेडमिलचा फळा बहुधा लाकडाच्या भुश्श्याच्या दाबलेल्या पट्टीचा असतो; पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. घराचा ताबा जुलैतच मिळणार असेल तर आधी प्लॅस्टिक, त्यावर गोधडी, त्यावर ताडपत्री असे तीन थर करावेत आणि भिजल्याची शंका असल्यास किमान एक दिवस कोरड्या हवेत ठेवल्याशिवाय वीज जोडू नये.

नव्या घरात

निवासी खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानकात प्रतिचौरस मीटर सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. ट्रेडमिल आणि तिच्यावर धावणारा माणूस मिळून तेवढ्या जागेत बसतात, त्यामुळे सुस्थितीतील इमारतीत काळजीचे कारण नाही. चकत्यांचा स्टँड, बाक आणि मल्टिजिम एकाच कोपऱ्यात दाटीने लावली तर मात्र हिशेब बदलतो; तेव्हा सोसायटीच्या संरचना अभियंत्याला विचारावे. बाहेर झेपावलेल्या गॅलरीत हे सामान ठेवू नये, मग ती बंद करून खोलीला जोडलेली का असेना. समुद्राच्या खाऱ्या हवेत अशा स्लॅबमधील सळ्या आतून गंजलेल्या असू शकतात आणि वरची फरशी नवी असल्याने ते दिसत नाही.

दादरच्या घरात छत अकरा फुटांवर होते. नव्या इमारतींत राहण्याच्या खोल्यांची किमान उंची पावणेतीन मीटर, त्यात खाली आणलेले सजावटीचे छत आणि त्याखाली पंखा. ट्रेडमिलचा फळाच जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर उंच असतो, चढ दिला की आणखी वर जातो. पळणाऱ्याचे डोके किंवा उंचावलेला हात पंख्याच्या पात्यापर्यंत पोहोचतो का, हे यंत्र मांडण्यापूर्वी मोजावे. यंत्रामागे साधारण दोन मीटर मोकळी जागा हवी. मागे भिंत असेल तर घसरलेला माणूस पट्टा आणि भिंत यांच्यात अडकतो. खाली रबरी चटई अंथरावी. ती फरशी वाचवते आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाची सकाळची झोपही.

विजेसाठी १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट लागते. दोन अश्वशक्तीची मोटर म्हणजे जवळजवळ दीड हजार वॅट. ती मोबाइल चार्जरच्या जोडपट्टीवर चालवली तर पट्टी वितळते. भाड्याच्या घरात असे सॉकेट बहुधा वातानुकूलन यंत्रापाशीच असते. त्यामुळे यंत्र कोठे ठेवायचे, हे सॉकेट पाहून ठरवावे लागते.

लहान मुले असलेल्या घरात आणखी एक गोष्ट. अमेरिकेत २०२१च्या मे महिन्यात पेलोटन कंपनीने ‘ट्रेड प्लस’ ही ट्रेडमिल बाजारातून परत घेतली. एका बालकाचा मृत्यू आणि मुले, पाळीव प्राणी व वस्तू यंत्राच्या मागच्या बाजूने खाली ओढल्या गेल्याच्या सत्तरहून अधिक घटना तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाकडे नोंदल्या गेल्या होत्या. नव्या घरात मुलांना प्रत्येक वस्तूचे कुतूहल असते आणि मोठ्यांचे लक्ष खोक्यांत. बाजूला काढून ठेवलेली सुरक्षेची चावी सामान लागेपर्यंत यंत्राला लावूच नये.

लावल्यावर पहिल्याच दिवशी धावू नये. यंत्र चारही पायांवर समतल आहे का, हे पाणसळीने पाहावे. पाण्याची बाटली आडवी ठेवूनही अंदाज येतो. सर्व बोल्ट एकदा आवळून घ्यावेत. मग कोणीही वर उभे न राहता सर्वांत कमी वेगाने पट्टा पाच मिनिटे फिरू द्यावा. वाहतुकीत मागचा रूळ किंचित हललेला असतो आणि पट्टा एका बाजूला सरकू लागतो. तो डावीकडे जात असेल तर मागच्या बाजूचा डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवावा, दोन मिनिटे पाहावे, गरज पडल्यास पुन्हा पाव फेरा. उजवीकडे जात असेल तर हेच उजव्या बोल्टने. एकदम पूर्ण फेरा दिला तर पट्टा दुसऱ्या टोकाला जाऊन कडा फाटते. आमच्या ट्रेडमिलला तीन पाव फेरे लागले. ती आता सुरळीत चालते. तिच्या फळ्याला बांधलेला पट्टा आम्ही सोडवून ठेवला आहे, दादरला परत जाताना लागेल म्हणून.